लाइट गेल्यावर तळघराचा पंप चालू कसा ठेवायचा

मृग लागला की आमच्या रिवायंडिंगच्या दुकानात पंपांची रांग लागते. शेतातले पाच-साडेसात एचपीचे पंप उन्हाळ्यातच येऊन गेलेले असतात. जूनमध्ये येतात ते छोटे, तळघराच्या खड्ड्यातले, चिखलानं लडबडलेले. आणणाऱ्याची तक्रारही ठरलेली: "मिस्त्री, रात्री लाइट गेली, सकाळी बघतो तर पार्किंगमध्ये गुडघाभर पाणी. लाइट आली तरी ह्यो हलंना."

यातले निम्मे पंप जळलेले नसतात, नुसते जाम झालेले असतात. त्यावर पुढे बोलतो. पण लाइटीचं दुखणं खरं आहे. सांगलीत जोराचा पाऊस आणि लाइट जाणं हातात हात घालूनच येतात. वळवाच्या वाऱ्यात फांदी तारेवर पडते, फीडर ट्रिप होतो, आणि नेमक्या त्याच तासात तळघरात पाण्याची आवक सगळ्यात जास्त असते. त्यामुळे हल्ली जो येतो तो विचारतो, पंप इन्व्हर्टरवर टाकता येईल का? येतो. पण दुकानातून मोठा इन्व्हर्टर आणि मोठी बॅटरी आणून वायर जोडली की झालं, असं ते काम नाही. ज्यांनी हे कधी केलेलं नाही त्यांच्यासाठी, मी ज्या क्रमानं करतो त्या क्रमानं सांगतो.

एक खुलासा आधीच. या तळघराच्या खड्ड्यालाही संपच म्हणतात, पण आपल्याकडे संप म्हटलं की नळाचं पाणी साठवायची जमिनीतली टाकी डोळ्यांसमोर येते. इथं ती नाही. तळघराच्या सगळ्यात खोल कोपऱ्यात खणलेला, झिरपून आलेलं पाणी गोळा होण्याचा खड्डा, त्याच्याबद्दल हे सगळं आहे.

आधी पाणी कुठून येतंय ते बघा

यात फार वेळ घालवायचा नाही, पण टाळायचंही नाही. उतारावरून रस्त्याचं पाणी आत येत असेल तर उताराच्या तोंडाशी आडवी जाळीची गटार आणि चार इंचाचा उंचवटा करा, निम्मं काम तिथंच होईल. वरच्या गच्चीचा पाइप तळघरात फुटलेला असतो, कधी नळाच्या टाकीचा ओव्हरफ्लो आत उतरत असतो. असलं पाणी बॅटरीवर उपसत बसणं म्हणजे दिवाळं काढणं. हे सगळं बंद केल्यावर जे उरतं ते भिंतीतून आणि फरशीच्या सांध्यांतून येणारं झिरपाचं पाणी. आपली काळी माती पाणी धरून ठेवते आणि पाऊस थांबल्यावरही दोन-तीन दिवस सोडत राहते. शामरावनगरसारख्या सखल भागात राहणाऱ्यांना हे सांगायची गरज नाही.

मग ते मोजा

हे काम कुणीच करत नाही. म्हणून बाकीचं सगळं चुकतं.

पहिल्यांदा असलं काम घेतलं तेव्हा मीही मोजलं नव्हतं. बाजारपेठेतलं कापडाचं तळघर होतं. शेठ म्हणाले, "एक एचपीच बसवा, परत कटकट नको." मीही शेतीपंपांतला माणूस, एचपी जास्त म्हणजे काम चोख, अशीच माझीही समजूत. घरात आधीपासून असलेल्या इन्व्हर्टरवर पंप टाकला, दिवसा बटण दाबून दाखवला, चालला. चौथ्या रात्री लाइट गेली. इन्व्हर्टरवर आधीच तीन पंखे आणि दुकानाच्या ट्यूब होत्या. पंपानं सुरू व्हायला झटका मागितला, इन्व्हर्टर ओव्हरलोडला गेला, दोन-तीनदा आपोआप प्रयत्न करून कायमचा बंद पडला. सकाळी खालच्या दोन थरांतले तागे भिजलेले. शेठ मला काही बोलले नाहीत, आणि तेच जास्त लागलं.

तर मोजायचं असं. पाऊस चांगला लागलेला असताना खड्डा उपसून घ्या, पंप बंद करा, भिंतीला खडूनं एक खूण करा, तिथून एक फूट वर दुसरी. पाणी पहिल्या खुणेवरून दुसऱ्या खुणेवर यायला किती मिनिटं लागली ते घड्याळात बघा. खड्डा तीन बाय तीन फुटांचा असेल तर एका फुटाला ९ घनफूट पाणी बसतं. एक घनफूट म्हणजे २८.३ लिटर, म्हणजे एका फुटात साधारण २५५ लिटर. हे पाणी २० मिनिटांत चढलं तर आवक मिनिटाला १३ लिटर, तासाला ७६५ लिटर. ९ मिनिटांत चढलं तर मिनिटाला २८, तासाला १,७०० लिटर.

एवढ्या आवकेला एक एचपीची काहीच गरज नाही हे आकडा बघितल्यावर कळतं. एकदा रिपरिप पावसात आणि एकदा मुसळधार पावसात, असं दोनदा मोजा. आपल्याला मोठा आकडा धरायचाय.

पंप

खड्ड्याच्या वर ठेवायचा मोनोब्लॉक यासाठी घेऊ नका. त्याचा फूटव्हॉल्व्ह (पाइपाच्या तळाची झडप) कचऱ्यानं उघडा राहिला की प्रायमिंग जातं, म्हणजे पाइपातलं पाणी उतरून पंप कोरडा पडतो, आणि रात्री दोन वाजता पाणी ओतून प्राइम करायला कुणी बसलेलं नसतं. पाण्यात बुडणारा, गढूळ पाणी ओढणारा छोटा सबमर्सिबल घ्या. दुकानात मड पंप किंवा डीवॉटरिंग पंप म्हणून मागा.

पंपावरची पाटी वाचायला शिका. पाटीवर जास्तीत जास्त हेड (पाणी चढवायची उंची) ८ मीटर आणि जास्तीत जास्त पाणी मिनिटाला २०० लिटर असं लिहिलेलं असतं. ही दोन्ही एकाच वेळी कधीच मिळत नाहीत. ८ मीटरला पाणी जवळपास शून्य असतं, आणि २०० लिटर मिळतात ते उंची शून्य असताना. तुमच्या खड्ड्याच्या तळापासून पाणी जिथं बाहेर पडणार तिथपर्यंत उंची मोजा. तळघर दहा फूट, खड्डा तीन फूट, रस्त्याच्या वर दोन फूट, झाले पंधरा फूट, म्हणजे साडेचार मीटर. वर पाइपाचे बेंड वेगळे. मग प्रत्यक्ष पाणी किती मिळतं? वीस लिटरची बादली पाइपाच्या तोंडाशी धरा आणि मोबाइलवर सेकंद मोजा. दहा सेकंदांत भरली तर मिनिटाला १२० लिटर. अर्ध्या एचपीचा बरा पंप या उंचीला इतपत देतो. आपल्या मुसळधार पावसातल्या २८ लिटरच्या ते चौपट आहे. आवक याच्याही निम्मी असेल तर पाव एचपीचा पंपसुद्धा पुरतो, आणि मग पुढचा सगळा खर्च खाली येतो.

मला पटलेली रचना अशी: रोजच्या कामाला आधीपासून असलेला मोठा पंप थेट महावितरणच्या लाइटीवर तसाच राहू द्या. त्याच्या शेजारी छोटा पंप वेगळा बसवा, त्याचा पाइप वेगळा, फ्लोट (पाण्यावर तरंगून पंप चालू-बंद करणारा स्विच) वेगळा, आणि तो फक्त इन्व्हर्टरवर. छोट्याचा फ्लोट मोठ्याच्या फ्लोटपेक्षा सहा इंच वर बांधा. लाइट असताना मोठा पंप पाणी वर येऊच देत नाही, छोटा झोपलेला असतो. लाइट गेली, किंवा मोठा जळाला, की पाणी सहा इंच जास्त चढतं आणि छोटा उठतो. दोन पंप म्हटल्यावर लोक नाक मुरडतात, पण मोठ्या पंपाला पेलणाऱ्या इन्व्हर्टर-बॅटरीपेक्षा हे स्वस्त पडतं.

इन्व्हर्टर

मोटार चालताना जेवढा करंट घेते त्याच्या चार-पाच पट करंट सुरू होताना क्षणभर घेते. अर्ध्या एचपीचा पंप चालताना ३ अँपिअरच्या आसपास घेतो. सुरू होताना क्लॅम्पमीटरचा काटा, म्हणजे हल्ली आकडाच, १२ ते १५ ला जाऊन परत येतो. महावितरणला त्याचं काही वाटत नाही. इन्व्हर्टरला वाटतं.

चालताना ३ अँपिअर गुणिले २३० व्होल्ट म्हणजे ६९० व्हीए. माझा हिशेब असा की इन्व्हर्टर याच्या तिप्पट असावा, म्हणजे २,००० व्हीएचा, आणि तोही प्युअर साइन वेव्ह, म्हणजे महावितरणसारखीच लाइट देणारा. स्क्वेअर वेव्हवर मोटार घुरघुरते, तापते, तिला सुरू व्हायला मदत करणारा कपॅसिटर लवकर जातो. ट्यूब-पंख्यांसाठी घेतलेल्या ९०० व्हीएवर अर्धा एचपी घालू नका; दहातल्या चार वेळा चालेलही, उरलेल्या सहा वेळा माझ्या शेठसारखी गत. कॉम्प्युटरचा छोटा यूपीएस तर विसराच. त्याच्या आतली बॅटरी बघितली तर हसाल.

बहुतेक इन्व्हर्टरला मागे किंवा पुढे यूपीएस मोड आणि नॉर्मल मोड असं बटण असतं. नॉर्मल मोडमध्ये लाइट फार कमी दाबाची आली तरी इन्व्हर्टर तीच पुढे ढकलतो. १४० व्होल्टवर बल्ब पिवळा का होईना जळतो, मोटार मात्र जास्त करंट ओढून वायंडिंग (आतली तारेची गुंडाळी) भाजून घेते. आमच्या दुकानाचं पोट याच्यावरच चालतं, तरी सांगतो: पंपाच्या इन्व्हर्टरला यूपीएस मोड ठेवा. दाब फार उतरला की तो स्वतःहून बॅटरीवर जाईल. तुमच्या भागात दाब दिवसदिवस कमी राहत असेल तर मात्र लाइट असूनही बॅटरी उतरत राहील, तेव्हा अशा ठिकाणी आधी स्टॅबिलायझरची सोय बघा.

आणि या इन्व्हर्टरवर दुसरं काहीही नको. लिफ्टचा दिवा नको, वॉचमनचा पंखा नको, सीसीटीव्ही तर नकोच. का नको ते खालच्या हिशेबात दिसेल.

बॅटरी किती वेळ टिकेल

२,००० व्हीएचा इन्व्हर्टर बहुधा २४ व्होल्टचा असतो, म्हणजे १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या लागतात. दोन्ही एकाच मेकच्या, एकाच महिन्यात घेतलेल्या. जुनी आणि नवी जोडलीत तर नवी जुनीच्या मागून मरते.

दोन १५० एएचच्या (अँपिअर-तासांच्या) ट्यूब्युलर बॅटऱ्या धरा. १५० गुणिले २४ म्हणजे ३,६०० वॅट-तास. हा कागदावरचा आकडा. बॅटरीवर छापलेले १५० एएच वीस तासांत सावकाश काढले तर मिळतात. जोरात ओढलं की कमी मिळतात. शिवाय लेड-अ‍ॅसिड बॅटरी पार तळापर्यंत उतरवली तर तिचं आयुष्य घटतं. म्हणून मी निम्मेच धरतो, १,८००. त्यातले पंधरा टक्के इन्व्हर्टर स्वतः उष्णतेत घालवतो. हातात राहिले दीड हजाराच्या वर थोडे.

आता खर्च. मुसळधार पावसात तासाला १,७०० लिटर येतात, पंप मिनिटाला १२० काढतो, म्हणजे तासातली १४ मिनिटं तो चालणार. ५५० वॅटचा पंप १४ मिनिटं म्हणजे १२८ वॅट-तास. उरलेली ४६ मिनिटं पंप बंद आहे, पण इन्व्हर्टर चालूच आहे, आणि नुसतं जागं राहायला तो २५ वॅटच्या आसपास खातो. म्हणजे तासाला दीडशेच्या थोडं वर. दीड हजाराला दीडशेनं भागा: दहा तास.

रिपरिप पावसातला आकडा घेतला तर पंप तासाला साडेसहा मिनिटंच चालतो, साठ वॅट-तासांत काम होतं, आणि त्यावर इन्व्हर्टरचे २५ आहेतच. म्हणजे अठरा तासांच्या आसपास. इथं बघा, पाणी निम्म्याहून कमी झालं तरी वेळ दुप्पटही झाला नाही. जागं राहायचा खर्च कुठं जात नाही.

आता यावर सोसायटीतल्या कुणीतरी हळूच तीन पंखे लावले असं धरा. ७५ वॅटचे तीन म्हणजे २२५. तासाचा खर्च दीडशेवरून पावणेचारशे, आणि दहा तासांचे झाले चार. म्हणून दुसरं काही नको म्हटलं.

लाइट आल्यावर या बॅटऱ्या परत भरायला सहा ते आठ तास धरा. रात्री चार वेळा अर्ध्या-अर्ध्या तासासाठी लाइट गेली तर अडचण नाही. पण दहा तास गेली, दोन तास आली आणि परत गेली, तर दुसऱ्या फेरीला बॅटरी अर्धीमुर्धीच असणार.

लिथियम बॅटरीबद्दल हल्ली सगळे विचारतात. हलकी असते, जास्त खोल उतरवता येते, पाणी घालावं लागत नाही, चांगली आहे. दोन गोष्टी बघून घ्या: इन्व्हर्टरच्या चार्जरला लिथियमची सेटिंग आहे का, आणि बॅटरीच्या आतलं सर्किट पंपाच्या सुरुवातीच्या झटक्याला कापत तर नाही ना. कापत असेल तर बॅटरी भरलेली असून पंप फिरणार नाही.

जागा आणि वायर

बॅटरी तळघरात ठेवायची नाही. हे वाक्य लिहायला नको खरं तर, पण मी तीन ठिकाणी बघितलंय: ज्या पाण्यापासून वाचवायचं त्याच पाण्यात बॅटरी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली, तेव्हा गावभागात आणि आजूबाजूला जिन्याखाली ठेवलेले इन्व्हर्टर सरसकट गेले. शक्य असेल तर पहिल्या मजल्याच्या जिन्याच्या वळणावर ठेवा, जिथं वारा खेळतो. चार्ज होताना लेड-अ‍ॅसिड बॅटरीतून हायड्रोजन निघतो. बंद कपाटात ती ठेवायची नाही आणि तिच्या डोक्यावर देवाचा दिवाही लावायचा नाही.

इन्व्हर्टर बॅटरीच्या शेजारीच. बॅटरीच्या जाड वायरी कंपनीनं जेवढ्या दिल्यात तेवढ्याच ठेवा, जोड देऊन लांबवू नका. २४ व्होल्टला करंट मोठा असतो, वायर लांब झाली की सुरुवातीच्या झटक्यात दाब पडतो आणि इन्व्हर्टर लो बॅटरी म्हणून बंद होतो. अंतर कापायचं ते २३० व्होल्टच्या बाजूनं: वरून खालपर्यंत २.५ स्क्वेअर एमएमची तीन कोअरची केबल पाइपातून आणा. बॅटरीच्या पॉझिटिव्हला, बॅटरीजवळच, फ्यूज हवा.

पंपाचा प्लग आणि सॉकेट वॉटरप्रूफ बॉक्समध्ये, तळघराच्या फरशीपासून निदान पाच फूट वर. खड्ड्यात केबलला जोड नको, टेप गुंडाळून तर अजिबात नको. पंपाला अर्थिंग हवं आणि त्या लायनीवर ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी (करंट गळायला लागला की लाइट तोडणारा स्विच) हवी. ओल्या फरशीवर उघड्या पायानं उभा असलेला माणूस आणि गळक्या सीलचा पंप, यांच्यामध्ये तेवढी एकच वस्तू उभी असते.

आरसीसीबी बसवली की काही ठिकाणी ती सारखी पडते आणि मग वैतागून कुणीतरी तिला बायपास करतं. बहुतेक वेळा दोष आरसीसीबीचा नसतो, न्यूट्रल मिक्स झालेली असते: पंपाची फेज इन्व्हर्टरमधून येते आणि न्यूट्रल मात्र जवळच्या दुसऱ्या बोर्डातून उचललेली. पंपाची फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकाच ठिकाणाहून, त्याच आरसीसीबीतून यायला हव्यात. हा भाग परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या, आणि तो करत असताना शेजारी उभं राहून बघा.

खड्ड्यातलं काम

सगळ्यात जास्त फजिती इथं होते, आणि इथल्या वस्तू सगळ्यात स्वस्त असतात.

फ्लोट म्हणजे केबलला लटकणारा तो भोपळा. पाणी चढलं की तरंगून वर होतो आणि आतला स्विच जुळतो. त्याची केबल कुठं बांधली यावर पंप किती पाण्याला चालू आणि किती पाण्याला बंद होणार ते ठरतं. दोरी आखूड ठेवली तर चार इंच पाण्यात पंप चालू-बंद, चालू-बंद करत राहतो, आणि प्रत्येक चालूला तो झटका इन्व्हर्टर सोसतो. एक फुटाचं अंतर मिळेल एवढी लांब ठेवा. पण लांब फ्लोट अरुंद खड्ड्यात भिंतीला अडकतो, नाहीतर पाइपाला वेटोळं घालून बसतो. कापडवाल्या शेठच्याच तळघरात दुसऱ्या वर्षी असं झालं: फ्लोट पाइप आणि भिंतीच्या बेचक्यात वरच्या वर अडकला, पाणी संपलं तरी पंप कोरडा फिरत राहिला. बाहेर काढला तेव्हा सीलचं रबर बोटानं दाबलं तर चुरा होत होतं. तेव्हापासून मी फ्लोटची केबल पाइपाला न बांधता समोरच्या भिंतीत हुक मारून त्याला बांधतो, आणि बादलीनं पाणी ओतून फ्लोट चार वेळा वरखाली होताना डोळ्यांनी बघतो. दीड फुटाच्या खड्ड्यात लटकता फ्लोट घालूच नका; उभ्या दांडीवर सरकणारा मिळतो, तो घ्या.

पंपाच्या वर पाइपाला एनआरव्ही (पाणी मागं येऊ न देणारा व्हॉल्व्ह) हवा, नाहीतर पंप बंद झाला की पाइपातलं पाणी परत खड्ड्यात येतं आणि तेच पाणी आपण दुसऱ्यांदा बॅटरी जाळून वर चढवतो. दीड इंची पाइप पंधरा फूट उभा असेल तर प्रत्येक वेळी पाच-सहा लिटर परत येतं. रात्रभराचा हिशेब केला तर थोडं नाही. एनआरव्ही लावल्यावर मात्र एक नवी भानगड होते: पंप आणि एनआरव्हीच्या मध्ये हवा अडकते, पंप फिरतो पण पाणी उचलत नाही. त्यावर उपाय म्हणजे पंपाच्या वर, एनआरव्हीच्या खाली, पाइपाला ३ एमएमचं एक भोक पाडायचं. पंप चालू असताना तिथून बारीक चिळकांडी उडते, ती उडू द्या. ग्राहक ती गळती समजून एमसील लावतात, त्यांना आधीच सांगून ठेवा.

कचऱ्यासाठी माझा तोडगा द्राक्षाच्या प्लॅस्टिक क्रेटचा. आपल्याकडे तासगावच्या बाजूनं जुने क्रेट हवे तेवढे मिळतात. क्रेटला बाहेरून मच्छरदाणीची जाळी दोरीनं बांधायची, तळाशी दोन विटा, त्यावर क्रेट, क्रेटमध्ये पंप. गुटख्याच्या पुड्या, पानं, पिशव्या बाहेर अडतात. महिन्यातून एकदा क्रेट उचलून झटकला की झालं.

आणि एक भोंगा. गच्चीची टाकी भरल्यावर वाजणारा जो अलार्म हार्डवेअरच्या दुकानात मिळतो, तोच आणा. त्याचा सेन्सर खड्ड्याच्या काठाखाली अर्ध्या फुटावर लटकवा आणि भोंगा वर वॉचमनच्या खोलीत. मात्र स्वतःच्या सेलवर चालणारा बघून घ्या. लाइटीवरचा घेतला तर ज्या रात्री हवा त्या रात्री मुका. बाकी सगळं चुकलं तरी हा माणसाला उठवतो. अख्ख्या कामात एकच गोष्ट परवडणार असेल तर मी हा भोंगा बसवायला सांगीन.

पाणी बाहेर कुठं सोडता तेही बघा. गटार तुंबलेलं असेल तर तेच पाणी उतारावरून परत तुमच्याकडे येतं. पाइपाचं तोंड गटाराच्या काठापेक्षा उंच आणि डोळ्यांना दिसेल असं ठेवा.

आता लाइट घालवून बघा

दुपारी, सगळे जागे असताना. मेन स्विच पाडा. खड्ड्यात नळाचं पाणी सोडा. फ्लोट उठतो का, पंप फिरतो का, इन्व्हर्टर कुरकुरतो का ते बघा. पंप चालू असतानाच मेन परत चढवा, परत पाडा; अदलाबदलीच्या त्या क्षणी काही इन्व्हर्टर ट्रिप होतात आणि ते आत्ता कळलेलं बरं. ट्रिप झाल्यावर इन्व्हर्टर आपोआप उठतो की हातानं बटण दाबावं लागतं, हे बघून ते इन्व्हर्टरवरच मार्करनं लिहून ठेवा. मग दोन तास तसंच चालू द्या आणि बॅटरीच्या टर्मिनलना हात लावा, अर्थात वरच्या प्लॅस्टिकवरून. एखादा गरम लागला तर नट ढिला आहे. पांढरा थर आलेला असेल तर गरम पाण्यानं धुवा, सुकवा, घट्ट करा, वर व्हॅसलीन.

ही चाचणी पावसाळ्यात दर महिन्याला. डिस्टिल्ड वॉटर त्याच दिवशी बघायचं, म्हणजे विसरत नाही.

आता सुरुवातीला म्हटलेल्या जाम पंपांची गोष्ट. ऑक्टोबर ते मे पंप कोरड्या खड्ड्यात पडून असतो. इम्पेलरभोवतीचा (पाणी ढकलणाऱ्या आतल्या पंख्याभोवतीचा) चिखल वाळून सिमेंट होतो. जूनमध्ये लाइट मिळाली की मोटार हुंकारते, फिरत नाही, आणि पाच-दहा मिनिटांत वायंडिंग काळं पडतं. इन्व्हर्टरवर असेल तर इन्व्हर्टर ट्रिप होतो आणि लोक बॅटरीला शिव्या देतात. म्हणून दिवाळीत पंप काढा, धुवा, कोरड्या जागी ठेवा. मे संपता संपता प्लग काढलेला असताना खालची जाळी उघडून इम्पेलर बोटानं फिरवून बघा. मोकळा फिरला पाहिजे. मोकळा फिरतोय आणि तरी नुसता हुंकारतोय तर कपॅसिटर बदला, पाटीवर जेवढे मायक्रोफॅरड लिहिलेत तेवढ्याचाच.

नदीचं पाणी आलं तर

वरचं सगळं पावसाच्या आणि झिरपाच्या पाण्यासाठी आहे. कृष्णेसाठी नाही. आयर्विनला ४० फुटांवर इशारा पातळी आणि ४५ वर धोका पातळी, हे सांगलीतल्या पोरासोरांना पाठ आहे. नदी फुगली की नाले उलटे वाहायला लागतात, पाणी गटारातून मागं येतं. तुम्ही उपसून जे बाहेर टाकता तेच आत येतं, आणि महावितरणही त्या भागाची लाइट सुरक्षेसाठी बंद ठेवते, ती दहा तासांसाठी नव्हे तर दिवसांच्या हिशेबानं. इथं बॅटरीचा पंप चालवण्यात अर्थ नाही. उलट बाहेर जमिनीत गच्च पाणी असताना तळघर आतून रिकामं केलं तर बाहेरचा दाब भिंतीवर आणि फरशीवर येतो. भिंत फुगते, फरशी उचलते. पूर ओसरल्यावरही एका दमात उपसू नका. बाहेरचं पाणी उतरलं की दोन-तीन फूट काढा, थांबा, दुसऱ्या दिवशी पाणी परत चढलं का बघा, मग पुढचं काढा. तळघरात उतरण्याआधी मेन बंद, इन्व्हर्टरही बंद. मेन पाडल्यावर इन्व्हर्टरच्या वायरीत लाइट असते हे भले भले विसरतात.

म्हणून पातळी ४० कडे सरकायला लागली की छोटा पंप काढून वर घ्या, आणि बॅटरी खालच्या मजल्यावर असेल तर तीही. आधी निगेटिव्हची वायर सोडायची, मग पॉझिटिव्हची. १५० एएचची एक बॅटरी पन्नास किलोच्या पुढं भरते, जिन्यावरून न्यायला दोन माणसं लागतात आणि ती आडवी करता येत नाही, अ‍ॅसिड सांडतं. तेव्हा ती कोण दोघं उचलणार हे मे महिन्याच्या सोसायटीच्या मीटिंगमध्येच ठरवून ठेवा, कारण पातळी वाढत असताना प्रत्येकाला आधी स्वतःची गाडी पुलापलीकडे न्यायची असते.